राजीखुषीने पुढे केलेला पाय

माकडाचे रक्त काढावयाचे तर त्याला आधी जखडलेच पाहिजे, हा प्रयोगशाळांतील रिवाज इतका जुना होता की, त्याचे कारण विचारण्याचीही कोणास गरज वाटत नसे. पिंजऱ्याची सरकती मागील भिंत पुढे ओढीत आणावी, भयाने किंचाळणारा जीव दोन जाळ्यांच्या मध्ये चेपला गेला म्हणजे त्याला भुलीची सुई टोचावी, किंवा जाड हातमोजे घातलेल्या माणसांनी त्याला बाहेर काढून टेबलावर दाबून धरावे, असा तो बंदोबस्त असे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन येथील माकड-संशोधन केंद्रात पशुवैद्य असलेल्या व्हिक्टर राइनहार्ट यांनी १९९० च्या आगेमागे या बंदोबस्तालाच हरकत घेतली. त्यांच्या ताब्यातील र्‍हीसस माकडे म्हणजे आपल्या उत्तर हिंदुस्थानातील लालतोंडी माकडेच. पोलिओची लस सिद्ध होण्याच्या काळात त्यांच्या जातीची हजारो माकडे येथून परदेशी रवाना झाली होती आणि १९७८ साली भारत सरकारने ती निर्यात बंद केली होती. या माकडांना राइनहार्टांनी त्यांच्याच पिंजऱ्यात, त्यांच्याच सोबत्याच्या सान्निध्यात शिकविले. ती सरकती भिंत त्यांनीही आरंभी थोडी पुढे घेतली. परंतु मग माकडाशी सौम्यपणे बोलत त्याची पाठ व पाय कुरवाळावे, पाय हळूच उचलावा, स्वस्थ राहिल्याबद्दल लगेच आवडीचा खाऊ द्यावा आणि दिवसागणिक भिंत मागे नेत जावी, अशा क्रमाने अखेर भिंतीचे कामच उरले नाही. माकड आपण होऊन दाराच्या फटीतून पाय बाहेर काढू लागले आणि सुई शिरत असताना तो तसाच धरू लागले. बाहेर काढून जखडलेल्या माकडाच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचे द्रव्य लक्षणीय वाढते, पण स्वतःच्या पिंजऱ्यात पाय देणाऱ्याच्या रक्तात तशी वाढ दिसत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे जुन्या पद्धतीने काढलेल्या रक्तात रोगाबरोबर भीतीचीही मोजणी होत होती, आणि शास्त्राच्या दृष्टीने मला हा दोष क्रौर्याइतकाच गंभीर वाटतो.

या विद्येची एक शाखा समुद्रातून आली आहे. पोहणाऱ्या डॉल्फिनला ना दोरी बांधता येते, ना काठी दाखविता येते; म्हणून त्याचे शिक्षक शिट्टी वाजवून 'हेच बरोबर' असा इशारा देत आणि मागाहून मासा देत. सागरी प्राण्यांना शिकविण्याचा अनुभव असलेल्या गेल लॉल यांनी हीच रीत वानरकुळाच्या पिंजऱ्यांपाशी आणली. आता शिट्टीऐवजी टिकटिकणारी लहानशी डबी असते, तर जेथे स्पर्श करावयाचा ते निशाण म्हणून काठीच्या टोकाशी रंगीत गोळा असतो. प्रथम रिकामी सिरिंज नुसती दाखवावयाची, मग ती सुईविना टेकवावयाची, मग बोथट टोकाने दाबावयाचे आणि सर्वांच्या शेवटी खरी सुई. यांतील प्रत्येक पायरीवर द्राक्ष, बेदाणा किंवा शेंगदाणा. रोजचे अन्न मात्र तोडावयाचे नाही. उपाशी प्राण्याची तयारी ही तयारी नव्हे.

टेक्सासमधील बॅस्ट्रॉप येथे चिंपांझींना भुलीच्या सुईसाठी आपण होऊन अंग जाळीला लावण्यास शिकविण्यात आले, तेव्हा सक्तीने टोचलेल्यांच्या मानाने त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी व साखर कमी आढळली. त्याच्याही आधी, १९८५ साली, अमेरिकन कायद्याने प्रयोगशाळांतील वानरांच्या मानसिक स्वास्थ्याची तजवीज करणे बंधनकारक केले होते.

हा पुढे आलेला पाय म्हणजे संमती काय? तसे मला म्हणवत नाही. प्रयोग कशासाठी आहे हे त्या जीवाला ठाऊक नाही, पिंजऱ्याचे दारही त्याच्या हाती नाही, आणि मुळात तो प्रयोग करावा की न करावा या प्रश्नाला बेदाण्यात उत्तर नाही. तथापि दाबून धरलेल्या माकडाला जे मुळीच नव्हते असे काहीतरी येथे त्याला मिळाले आहे: त्याला पाय मागे घेता येतो. एखाद्या सकाळी ते तसा घेते, पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसते. आणि चांगला शिक्षक भिंतीच्या दांड्याला हात न लावता सिरिंज खाली ठेवतो व जाळीपाशी बसून राहतो.