दीपगृहातलं भिंग कुठे गेलं?

सोलापूरला समुद्र नाही. सिद्धेश्वर तलाव आहे, लांब उजनी धरण आहे, बाकी सगळं ऊन. तरीही मी दीपगृहावर लिहायला बसले आहे. एक तर मराठी विभागाच्या संपादिकेने "कविता सोडून काहीही दे" अशी तंबी दिली आहे. दुसरं म्हणजे गेल्या डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपल्यावर मी कोकणात मामाकडे गेले, माझ्या लाडक्या दीपगृहावर दहा वर्षांनी पुन्हा चढले आणि तोंड पाडून खाली उतरले. का, ते सांगायचं तर आधी दीपगृह चालतं कसं ते सांगावं लागेल. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. आणि दीपगृह म्हणा, दीपस्तंभ म्हणा. मामाच्या गावात सगळे लाईटहाऊसच म्हणतात.

सुरुवात सोलापुरातूनच करू. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती उंच चिमणी आठवते? होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पाडली ती. नव्वद मीटरच्या वर उंची होती. आता समजा सगळीकडे टेबलासारखी सपाट जमीन आहे, मध्ये ना झाड ना टेकडी. तर जमिनीला डोळे टेकवलेल्या माणसाला तिचं टोक किती लांबून दिसेल? उत्तर आहे साधारण ३४ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मोहोळ. त्यापुढे ती पृथ्वीच्या गोलाईआड जाणार. टोकावर कितीही मोठा दिवा लावलात तरी जाणार.

समुद्रावर ही सपाट जमीन खरोखर असते, म्हणून तिथे हे गणित चालतं. पाण्याच्या पातळीपासून दिव्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. जे येईल ते किलोमीटर. हवेतून जाताना प्रकाश थोडा खाली वाकतो, म्हणून प्रत्यक्षात ३.८६ ने गुणलेलं जास्त बरोबर येतं. दिवा ५० मीटरवर असेल तर २७ किलोमीटर. बघणारा खलाशी डेकवर ९ मीटर उंचीवर उभा असेल तर त्याचे साडेअकरा वेगळे मिळवायचे. एकूण साधारण ३९ किलोमीटर, समुद्री भाषेत २१ नॉटिकल मैल. उंचीचं वर्गमूळ आल्यामुळे अंतर दुप्पट करायला उंची चौपट लागते, आणि तेवढा मनोरा बांधणं परवडत नाही. त्यापेक्षा आयती टेकडी बरी! आपल्याकडे किल्ले आणि दीपगृहं इतक्या वेळा शेजारी का सापडतात त्याचं उत्तर हेच. रत्नागिरीला रत्नदुर्गाच्या डोंगरावर दीपगृह, कोर्लईला किल्ल्याच्या पायथ्याशी, गोव्यात आग्वादच्या किल्ल्यात १८६४ सालचं. शत्रूचं गलबत लांबून दिसावं म्हणून जी जागा निवडली, तीच जागा लांबून दिसायलाही चांगली. (आग्वादचं जुनं दीपगृह १९७६ साली बंद झालं आणि शेजारी नवं उभं राहिलं.) जिथे टेकडी नाही तिथे मात्र पाण्यात मनोरा बांधावा लागतो. मुंबईला कुलाब्याच्या टोकापुढचं १८७५ चं प्रॉंग्ज दीपगृह तसं आहे.

उंची झाली. आता दिवा. खोलीतला बल्ब चोहीकडे उजेड टाकतो, छतावर आणि जमिनीवरसुद्धा. दीपगृहाला आकाश उजळून काय करायचंय? त्याला सगळा उजेड क्षितिजाच्या दिशेने हवा. त्यासाठी दिव्यापुढे भिंग पाहिजे आणि तेही प्रचंड. पण साधं बहिर्वक्र भिंग माणसाएवढं केलं तर मधोमध इतकं जाड होईल की बराचसा प्रकाश काचच खाईल, आणि ते वर चढवणार कोण?

ही अडचण ज्याने सोडवली त्याला आपण फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये डिफ्रॅक्शनच्या धड्यात शिव्या घातल्या आहेत. ऑगस्टिन फ्रेनेल. त्याचं म्हणणं असं की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, आतली काच फुकटचं ओझं आहे. मग ती काढून टाका. भिंगाचे गोल गोल काप करा, प्रत्येक कापाची फक्त वळणदार कड ठेवा आणि सगळ्या कडा एका पातळीत मांडा. समोरून बघितलं तर काचेचा कांदा चिरून ठेवल्यासारखं दिसतं. १८२३ साली फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर कोर्दुआनच्या दीपगृहात त्याचं पहिलं भिंग लागलं. पुढे वर आणि खाली त्रिकोणी लोलकांच्या रांगाही आल्या. त्या प्रकाश वाकवत नाहीत तर आतल्या आत पूर्ण परावर्तित करून क्षितिजाकडे ढकलतात. सगळ्यात मोठ्या, पहिल्या श्रेणीच्या भिंगाची फोकल लेंग्थ ९२० मिलिमीटर, म्हणजे आत माणूस आरामात उभा राहतो. फ्रेनेल १८२७ साली क्षयाने गेला, वय ३९. जगभरचे किनारे त्याच्या काचेने उजळलेले बघायला तो राहिला नाही.

पाचवीत असताना मी असंच एक भिंग बघितलं. दीपगृहाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. मामाने संध्याकाळी नेलं होतं. गोल जिना, शेवटी लोखंडी शिडी आणि वर काचेची खोली. खोलीला चहूबाजूंनी पडदे. मला वाटलं धूळ बसू नये म्हणून असतील. तिथले काका म्हणाले, "पडदा उघडा राहिला तर सूर्य आतला दिवा वितळवील." भिंग दोन्ही बाजूंनी काम करतं ना! आतला उजेड बाहेर नेतं तसं बाहेरचं ऊन आत गोळा करतं. मग त्यांनी पडदे सरकवले आणि मला म्हणाले, "ढकल बघू, एका बोटाने." माझ्यापेक्षा उंच, काच आणि पितळेचं ते धूड. मी बोट लावलं आणि ते आवाज न करता फिरायला लागलं. माझं उलटं प्रतिबिंब एका तावदानातून दुसऱ्यात जात होतं. मी इंजिनीअर का झाले (अजून व्हायचेय, दोन सेमिस्टर बाकी आहेत) याचं खरं उत्तर ते बोट आहे. ॲडमिशनच्या वेळी सगळ्यांना वेगळंच सांगितलं होतं.

एका बोटाने का फिरलं, ते मेकॅनिकलला आल्यावर कळलं. ते भिंग बेअरिंगवर नव्हतं, पाऱ्यावर तरंगत होतं. १८९० च्या दशकापासून ही पद्धत आली. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तीन टनांचं भिंग तरंगवायला साधारण २२० लिटर पारा बाजूला सारला गेला पाहिजे. आर्किमिडीज झालं. पण इतका पारा खरोखर ओतावा लागत नाही! घरी करून बघा. एका स्टीलच्या पेल्यात थोडंसंच पाणी घ्या आणि त्यात जेमतेम मावेल असा दुसरा पेला सोडा. तळाशी असलेलं ते घोटभर पाणी फटीतून वर चढतं आणि आतला पेला तरंगतो. तसंच कंकणासारख्या कुंडात कंकणासारखा तरंगता भाग बसवतात, मधली फट अगदी बारीक ठेवतात, आणि थोड्या पाऱ्यावर टनांचं वजन तरंगतं. घर्षण जवळजवळ नाहीच. म्हणून पूर्वी मोटर नव्हती तेव्हा घड्याळासारखं यंत्र आणि मनोऱ्यातून हळूहळू खाली उतरणारं वजन एवढ्यावर ते फिरायचं. वजन खाली पोचलं की किल्ली देऊन पुन्हा वर.

आणि ते फिरवायचं कशासाठी? ओळखीसाठी. भिंगाला चार तावदानं असतील आणि एक फेरी वीस सेकंदांत होत असेल तर खलाशाला दर पाच सेकंदांनी एक झोत दिसतो. शेजारच्या दीपगृहाचा हिशोब वेगळा ठेवतात. खलाशी घड्याळ लावून मोजतो, पुस्तकात बघतो आणि त्याला कळतं की हे अमुक ठिकाण. दिवा म्हणजे नुसता उजेड नाही, ते त्या जागेचं नाव आहे.

तर गेल्या डिसेंबरला, रात्रीच्या एसटीने कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी ई अँड टीसीवाली मैत्रीण. तिला वाटेत सांगोल्यापासून आंबा घाटापर्यंत भिंगपुराण ऐकवलं. पोचलो तर दीपगृह एकदम चकाचक. नवा रंग, तिकीट खिडकी, पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट, फायबरचा डॉल्फिन. तिकिटाबद्दल माझं काही म्हणणं नाही, स्वच्छ ठेवायचं तर पैसे लागतातच. वर चढलो. काचेच्या खोलीत मधोमध एक रिकामं लोखंडी बैठक. पडदे नाहीत, कारण जाळायला आत काही उरलं नव्हतं. बाहेर कठड्यावर किराणा दुकानातल्या गोळ्यांच्या बरणीएवढं काहीतरी नटबोल्टने बसवलं होतं.

"हा दिवा," तिथला कर्मचारी म्हणाला.

"आणि ते मोठं भिंग?"

"ते बंद केलं ताई. पाऱ्याचं होतं ना."

"पण ठेवलंय कुठे?"

"नेलं."

बास. कुणी, कुठे, काही नाही. भिंतीवर एक फळा होता, त्यावर सूचना: धूम्रपान करू नये, कठड्याला टेकू नये. इथे काय होतं त्याचा एक शब्दही नाही. खाली उतरताना एक लहान मुलगा वडिलांना विचारत होता, "पप्पा, लाईट कुठंय?" वडिलांनी काचेच्या रिकाम्या खोलीकडे बोट दाखवलं.

परतीच्या वाटेवर मैत्रिणीने माझी शाळा घेतली, आणि मला मान्य करावं लागेल की तिचे बहुतेक मुद्दे बरोबर होते. एलईडीचा दिवा थोडक्या वॅटवर चालतो, बॅटरी आणि सोलर पॅनलवर भागतं. आत अनेक एलईडी असतात, एक गेला तर दिवा विझत नाही. आणि पारा! उघड्या कुंडातल्या पाऱ्याची वाफ खोलीत साठते, ती श्वासातून जाऊन मज्जासंस्थेवर परिणाम करते. त्या खोलीत वर्षानुवर्षं रात्री काढणाऱ्या माणसाचा विचार कर, ती म्हणाली. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१३ साली झाला, भारताने तो २०१८ साली मान्य केला. म्हणजे माझं एक बोट ज्याच्यामुळे कामाला आलं, त्याच्याचमुळे ते भिंग गेलं. तिने पुढे आणखी एक काडी टाकली: त्या बरणीच्या कडेला जे प्लॅस्टिकचे वळे दिसत होते ते काय होतं? नीट बघितलं असतंस तर फ्रेनेलच होता तो, ॲक्रिलिकचा.

पण एका मुद्द्यावर मी हटले नाही. फिरत्या भिंगाचा प्रकाश झोतांमध्ये एकवटलेला असतो, चाकाच्या आऱ्यांसारखा. ते झोत धुक्यात, पावसाळी हवेत फिरताना दिसतात. दिवा क्षितिजाआड असला तरी त्यांची झाक वर आकाशात कळते. मामाच्या अंगणातल्या माडांवरून पूर्वी तो झोत फिरायचा आणि आम्ही मुलं मोजत मोजत झोपायचो. एलईडीचा दिवा मात्र सगळीकडे एकदम लागतो आणि एकदम विझतो. आरे नाहीत, नुसती उघडझाप. मोठ्या जहाजांना याने फरक पडत नाही. त्यांच्याकडे जीपीएस आहे, रडार आहे, आणि एआयएस आहे, म्हणजे जहाज आपलं नाव, जागा, वेग रेडिओवरून आपोआप सांगत राहतं. गंमत म्हणजे आपल्या किनाऱ्यावर त्याचे अँटेना दीपगृहांच्या मनोऱ्यांवरच लावले आहेत. पण जीपीएसचा सिग्नल फार क्षीण असतो, तो जॅम करता येतो, आणि छोट्या होडीतल्या माणसाचा मोबाईल भिजतोही. मामाच्या शेजारचे मासेमारी करणारे आजोबा म्हणाले, "दिवा दिसतो, पण पूर्वी तो शोधावा लागत नसे."

भिंग परत लावा असं मी म्हणत नाही. पारा परत नको. पण पारा काढून, खाली कोरड्या बेअरिंगवर, काचेच्या शोकेसमध्ये तेच भिंग ठेवता आलं असतं. चेन्नईला आणि महाबलीपुरमला दीपगृहांशेजारी अशा जुन्या वस्तूंची संग्रहालयं केली आहेत, म्हणजे आपल्या देशात हे जमतं. २०२४ च्या फेब्रुवारीत ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचं लोकार्पण झालं. पर्यटक येणारच आहेत तर त्यांना डॉल्फिनऐवजी हे दाखवावं. शेजारी पाच ओळींचा फलक आणि पोरांनी ढकलून बघायला एक छोटं मॉडेल, खर्च डॉल्फिनपेक्षा कमी येईल. मामाच्या मदतीने मी तसा अर्ज लिहून दिलाय, मराठीत. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही.

तोपर्यंत ज्यांना फ्रेनेलचं भिंग हाताळायचंय त्यांनी आपल्या डिपार्टमेंटच्या स्टोअरमध्ये जावं. कोपऱ्यात जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर पडलाय, सर पूर्वी ट्रान्सपरन्सी ठेवून शिकवायचे तो. ज्या चौकोनी काचेवर ट्रान्सपरन्सी ठेवायचे, तिच्याखालच्या पातळ तावाला नख लावून बघा, गोल गोल बारीक रेघा लागतील. काढायचाच असेल तर सरांना विचारून काढा, आणि एप्रिल-मेमध्ये व्हरांड्यात उन्हात ठेवून चहाला जाऊ नका. सोलापूरचं ऊन आहे, परत येईपर्यंत जर्नल पेटलेलं असेल.