२०१६चा सर्वोत्तम मराठी अल्बम : ‘सैराट’

२०१६चा सर्वोत्तम मराठी अल्बम म्हणून मी संगीतकार अजय-अतुल यांच्या ‘सैराट’ या चित्रपटाच्या अल्बमचंच नाव घेईन. गाणी अवघी चार, पण प्रत्येकाचा बाज वेगळा. ‘याड लागलं’मध्ये अजय गोगावले यांचा रांगडा आवाज आणि हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला सिम्फनी वाद्यवृंद एकत्र येतात. गावाकडच्या गोष्टीला पाश्चात्त्य वाद्यमेळ कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण पहिल्या प्रेमात कोवळ्या पोराला सगळं जग अफाट वाटतं. ते अफाटपण व्हायोलिन पेलतात आणि बोलीतले शब्द गाण्याला मातीशी बांधून ठेवतात. ‘झिंगाट’ या नाचऱ्या गाण्यामुळेच अल्बम गाजला, असंही काही जण म्हणतात. त्यांनी श्रेया घोषाल यांचं ‘आताच बया का बावरलं’ निवांत ऐकावं. नायिकेच्या मनातली उलघाल तिथे तितक्याच ताकदीनं उमटते. बेभान नाच आणि हुरहूर दोन्ही देणारा अल्बम विरळाच.