भिंगावरची बुरशी

मुंबईच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे माणसांनाच जागेची वाटणी करून घ्यावी लागते, तेथे कॅमेरा व त्याची दोन-तीन भिंगे यांची रवानगी बहुधा चामडी पिशवीत घालून कपाटाच्या तळखणात होते. आणि ही तजवीज दिसायला कितीही चोख असली, तरी आषाढ-श्रावणात हवेतील सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर गेली, की बुरशीला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. दमटपणा, अंधार आणि कोंडलेली हवा एवढे लाभले, की काचेवरील धुळीवर व बोटांच्या स्निग्ध ठशांवर ते पोसले जातात, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरणाऱ्या त्यांच्या तंतूंतून स्रवणारी आम्ले भिंगावरील लेप कायमचा खराब करतात. चामडे ओल धरून ठेवते, म्हणून ती देखणी पिशवी खुंटीलाच शोभते.

बंदोबस्त मात्र अल्पखर्ची आहे: रबरी कडेच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पुरचुंडी व लहानसा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असावा. (तांदूळ घालण्याचा सल्ला देणाऱ्यांनी त्याचा भात करावा, त्याची पूड भिंगात शिरते.) जेलचे निळे खडे गुलाबी झाले, की त्यांची शोषणशक्ती सरली असे समजून सुमारे 120 अंश सेल्सियसला तापवून ते पुन्हा कोरडे करता येतात, परंतु त्यांचा निळा रंग कोबाल्ट क्लोराइड या विषारी क्षाराचा असल्याने स्वयंपाकाचा तवा त्या कामी लावू नये. डबा पाझरणाऱ्या भिंतीपासून दूर, पलंगाखालीही चालतो. बॅटरी तेवढी काढून ठेवावी.