बोटांनी वाचायचं कापड

दोस्तांनो, इचलकरंजीत राहत असाल तर आजच्या प्रयोगाचं साहित्य शोधायला लांब जायला नको. १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आला आणि आता तर गल्लोगल्ली मागांची खटखट चालते. ओळखीच्या कारखान्यातून किंवा शिंपीकाकांकडून कापडाचे चार तुकडे मागून आणा: पॉपलीन, मलमल, डेनिम आणि टॉवेलचं कापड. आता मित्राचे किंवा मैत्रिणीचे डोळे रुमालाने बांधा. पहिल्यांदा बोट कापडावर नुसतं टेकवायचं, अजिबात हलवायचं नाही. दुसऱ्यांदा बोट फिरवायचं. प्रत्येक वेळी विचारा, हे कापड कुठलं?

नुसतं टेकवल्यावर टॉवेल ओळखू येतो. पॉपलीन आणि मलमल यांतला फरक मात्र बोट फिरवल्याशिवाय सहसा कळत नाही. असं का? बोट सरकलं की कातडीत बारीक बारीक कंपनं उठतात. कातडीखालचे संवेदक ती टिपतात आणि मेंदूला कळवतात. जाडाभरडा पोत स्थिर बोटालाही समजतो, पण बारीक पोत समजायला बोट हलावंच लागतं.

आता दुसरी गंमत. एक यू-पिन वाकवून तिची दोन टोकं ३ मिलिमीटर अंतरावर आणा. टोकं बोथट हवीत बरं का! ती बोटाच्या टोकावर हलकेच टेकवा. दोन टोकं वेगवेगळी जाणवतील. तीच पिन पाठीवर टेकवा. तिथे एकच टोक वाटेल, कारण पाठीवर दोन टोकं वेगळी कळायला साधारण ४ सेंटिमीटर अंतर लागतं. बोटाच्या टोकाशी संवेदकांची दाटी असते, पाठीवर ते विरळ असतात.

बोटाची ही हुशारी पंधरा वर्षांच्या एका मुलाने नेमकी हेरली. त्याचं नाव लुई ब्रेल. फ्रान्समध्ये १८०९ साली जन्मलेला लुई लहानपणीच अंध झाला. त्या काळी शार्ल बार्बिए नावाच्या माणसाने उठावाच्या ठिपक्यांची एक लिपी केली होती, पण तिच्या एका चिन्हात बारापर्यंत ठिपके असत. ते एका बोटाखाली मावत नसत. लुईने १८२४ पर्यंत सहाच ठिपक्यांची लिपी तयार केली. अख्खं अक्षर बोटाच्या टोकाखाली एका दमात! शेजारच्या ठिपक्यांत अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर. सहा ठिपक्यांपैकी प्रत्येक एकतर उठलेला, नाहीतर सपाट. त्यातून ६३ वेगवेगळी चिन्हं तयार होतात.

दोनच खुणांची ही युक्ती तुमच्या गावात दुसऱ्या रूपात भेटेल. नक्षीच्या मागावर जॅकार्ड पाहिलंय? त्याच्या जुन्या पद्धतीत भोकं पाडलेले पुठ्ठे असतात. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्याच दोन खुणांवर काठावरचे मोर आणि वेली उमटतात.

आपली मराठीसुद्धा ब्रेलच्या याच सहा ठिपक्यांत लिहिली जाते. डावीकडचे ठिपके वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडचे ४, ५, ६. क म्हणजे १ आणि ३. आ म्हणजे ३, ४, ५. म म्हणजे १, ३, ४. झाला की ‘काम’ हा शब्द! स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, ते याच लिपीत. आणि खरं नवल पुढेच आहे: लहानपणापासून अंध असलेली व्यक्ती ब्रेल वाचत असताना मेंदूचा एरवी पाहण्याचं काम करणारा भागही कामाला लागतो.

मग आपण वर्गाचं एक स्पर्शपुस्तक करूया का? विषय घ्या ‘सुताची गोष्ट’. पहिल्या पानावर कापसाचं बोंड. दुसऱ्यावर साधं सूत, बोटाला जरा केसाळ लागणारं. तिसऱ्यावर सायझिंगमधून आलेलं सूत. मागावर घासून तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते, त्यामुळे ते ताठ आणि गुळगुळीत लागतं. चौथ्यावर जाड दोऱ्यांचे ताणे-बाणे स्वतः विणा. पाचव्यावर मागावरून उतरलेलं कोरं कापड आणि शेवटी प्रोसेस होऊन मऊ झालेलं.

प्रत्येक पानावर नाव दोनदा लिहा, एकदा ठळक मोठ्या अक्षरांत, एकदा ब्रेलमध्ये. ब्रेलचे ठिपके मोठे करू नका, बार्बिएची अडचण आठवा! ब्रेल पाटी आणि टोचणी कशी वापरायची ते विशेष शिक्षकांना विचारा. टोचलेला ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि वाचायचं कागद उलटून, डावीकडून उजवीकडे.

वर्गात कुणाला दिसत नसेल किंवा कमी दिसत असेल, तर पुस्तक त्यांच्यासाठी करून भेट देऊ नका. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कुठलं पान बोटाला कळतं आणि कुठलं गोंधळात टाकतं, हे त्यांच्याइतकं अचूक कोण सांगणार? ज्याला ऐकू येत नाही त्यालाही या पुस्तकातून सुताची गोष्ट कळेल, आणि ज्याला शिकायला जरा वेळ लागतो तो हवा तेवढा वेळ एकेका पानावर थांबेल.

सगळ्यांनी एकत्र शिकावं हे स्वप्न तुमच्या जिल्ह्यात केव्हाच रुजलं आहे. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. संस्थेच्या उचगावच्या शाळेत अपंग आणि इतर मुलं एकाच वर्गात बसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार असं एकत्र शिकणं हा प्रत्येक दिव्यांग मुलाचा हक्कच आहे.

तेव्हा पुढच्या विज्ञान प्रदर्शनात हे पुस्तक जरूर मांडा. टेबल असं निवडा, की चाकाची खुर्ची त्याखाली सहज सरकेल. ‘हात लावू नये’ ही नेहमीची पाटी मात्र काढून टाका आणि तिथे मोठ्या अक्षरांत, शिवाय ब्रेलमध्येही लिहा: ‘सगळ्यांनी हात लावून पाहा!’