कौरी वृक्ष आणि वनयात्रिकांची पादत्राणे

अरण्यात पायी हिंडावे, रात्री तंबूत मुक्काम करावा आणि निघताना आपल्या वास्तव्याची कोणतीही खूण मागे ठेवू नये, हा वनभ्रमणाचा जुना नियम आहे. परंतु न्यूझीलंडच्या उत्तर भागातील कौरी वृक्षांच्या राखीव वनांत एवढ्याने भागत नाही. तेथे वनात पाऊल टाकण्यापूर्वीच पादत्राणे स्वच्छ करावी लागतात.

कौरी हा शंकुधारी वृक्ष असून तो हजार वर्षांहून अधिक काळ जगू शकतो. वायपोउआ वनातील 'ताने महुता' या वृक्षाची उंची सुमारे ५१ मीटर असून खोडाचा घेर जवळजवळ १४ मीटर आहे. एकोणिसाव्या शतकात लाकडासाठी कौरीची बेसुमार तोड झाली. वाचलेल्या वनांपैकी वायपोउआचे वन १९५२ साली अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आले.

कुऱ्हाडीतून वाचलेल्या या वृक्षांना आता 'फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा' या बुरशीसदृश सूक्ष्मजीवाने ग्रासले आहे. बटाट्यावरील उशिराचा करपा आणि सुपारीवरील कोळेरोग हे याच प्रजातीतील अन्य जातींमुळे होतात. मातीतील पाण्यात पोहत त्याचे बीजाणू कोवळ्या मुळांपर्यंत पोहोचतात. मुळे कुजली म्हणजे पाणी व क्षार वर चढेनासे होतात. मग बुंध्यातून राळ पाझरते, पाने पिवळी पडून गळतात आणि अखेरीस वृक्ष वाळतो. खोडात फॉस्फाइट टोचल्यास रोगाची गती मंदावते. परंतु तो समूळ नाहीसा होत नाही.

याच सूक्ष्मजीवाचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. बुटाच्या तळाला लागलेल्या अल्पशा चिखलातूनही ते एका वनातून दुसऱ्या वनात जाऊ शकतात. म्हणून वनाच्या प्रवेशद्वारी प्रथम ब्रशाने सर्व माती काढावयाची व नंतर जंतुनाशक लावावयाचे, असा क्रम ठरला आहे. कारण चिखलाचा थर तसाच राहिल्यास जंतुनाशक आतपर्यंत पोहोचत नाही. कौरीची अन्नशोषक मुळे जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात. त्यांवर पाय पडू नये, म्हणून अनेक ठिकाणी लाकडी फळ्यांच्या उंच वाटा बांधल्या आहेत. वाट सोडू नये आणि तंबू नेमलेल्या जागीच ठोकावा, हे नियम याच कारणास्तव पाळावयाचे असतात.

२०१७ साली ते कावेराउ आ माकी या माओरी जमातीने वायटाकेरे डोंगरांतील वनावर 'राहुई', म्हणजे परंपरागत प्रवेशबंदी, घातली. पुढील वर्षी ऑकलंडच्या नगरपरिषदेनेही तेथील वनप्रदेश बंद केला. पुढे सुधारलेल्या काही वाटा टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या. हजार वर्षांचा वृक्ष मेल्यास त्याची जागा भरून येण्यास पुन्हा हजार वर्षे लागतील. पादत्राणे धुण्यास मात्र काही क्षण पुरतात.