सिंहस्थाचा गुरू आणि त्याचा ओला चंद्र

नाही म्हणणाऱ्यांचं जग : लेखांक ९

गेल्या आठवड्याचा लेखांक वाचून पंचवटीतल्या एका वाचकांचं पोस्टकार्ड आलं. मजकूर तीन ओळींचा. ‘दिसत नाही म्हणून देव मानत नाही, असं तुम्ही लोक म्हणता. मग परग्रहावरचे जीव कुठे दिसलेत? ते कसे मानता?’ खाली सही, आणि सहीखाली ‘रागावू नये’.

रागावण्यासारखं त्यात काही नाही. प्रश्न नेमका आहे. नास्तिकांच्या बैठकीत तो विचारला, तर तिथेही दोन-चार जणांची पंचाईत होईल.

घोळ ‘मानणं’ या शब्दात आहे. मराठीत आपण देव मानतो, भूत मानतो, वडीलधाऱ्यांना मानतो, आणि एखाद्याला भाऊही मानतो. मानलेला भाऊ मानल्यामुळेच भाऊ होतो. मानणं थांबलं की नातं संपलं. युरोपा नावाच्या चंद्रावर एखादा जिवाणू असेल, तर तो आपल्या मानण्यावर जगत नाही, आणि नसेल तर आपण कितीही मानलं तरी पैदा होणार नाही. म्हणून परग्रहावरच्या जीवांबद्दल सावध नास्तिक ‘मानतो’ म्हणत नाही. ‘शक्य वाटतं, तपासायला हवं’ एवढंच म्हणतो.

मग देवाबद्दलही ‘शक्य वाटतं’ का म्हणत नाही? हा पोस्टकार्डातला खरा काटा. त्याचं उत्तर असं : जीव निर्माण होऊ शकतो, याचं एक उदाहरण आपल्या पायाखालीच आहे. त्याला लागणारा माल विश्वात दुर्मीळ नाही. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३मध्ये आणलेल्या मातीत, पृथ्वीवरचे जीव प्रथिनांसाठी वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ सापडली. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५मध्ये सापडला. आज सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांची खात्रीची यादी सहा हजारांवर गेली आहे. माल आहे, जागा आहेत, एकदा घडल्याचा दाखला आहे. मुख्य म्हणजे हा अंदाज चुकू शकतो. तिथे जाऊन पाहता येतं आणि हात हलवत परतही यावं लागतं. कुठल्याही निकालाने जो कधीच खोटा ठरू शकत नाही, अशा दाव्यापुढे तपासणाऱ्याने करायचं तरी काय?

नाशिककरांसाठी तर हा विषय घरचाच म्हणायला हवा. आपल्या गावचं सगळ्यांत मोठं पर्व एका ग्रहाच्या चालीवर ठरतं. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून साधारण बारा वर्षांनी रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर गर्दी लोटते. लाखो लोक ज्याचं नाव घेऊन पाण्यात उतरतात त्या गुरूच्या दारातच, आपल्याला ठाऊक असलेल्या जागांपैकी जीवसृष्टीसाठी सर्वांत आशेची एक जागा फिरते आहे, हे मात्र घाटावर कुणी सांगत नाही.

युरोपा आकाराने आपल्या चंद्राहून थोडा लहान. गॅलिलिओने १६१०मध्ये गुरूजवळ जे चार ठिपके पाहिले, त्यांतला एक. गुरूभोवती साडेतीन दिवसांत फिरतो. वर बर्फाचं कवच, आणि खाली खारा समुद्र असल्याची भक्कम चिन्हं. अंदाज असा की पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी त्या एका चंद्रात असावं. सूर्यापासून इतक्या लांब पाणी गोठत कसं नाही? गुरूच्या ओढीने तो चंद्र सतत ताणला आणि सोडला जातो, कणीक मळावी तसा, आणि त्या मळण्यातून आत ऊब राहते.

समुद्राची बरीचशी चिन्हं गॅलिलिओ याच नावाच्या यानाने गोळा केली. ते १९९५पासून गुरूभोवती फिरत होतं. इंधन संपत आलं तेव्हा ‘नासा’पुढे पेच पडला. बेवारस यान उद्या युरोपावर आदळलं आणि त्याला चिकटून गेलेले पृथ्वीवरचे जंतू त्या पाण्यात शिरले तर? म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी ते मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटून जाळलं.

तारीख पुन्हा पाहा. २००३च्या पावसाळ्यात नाशकात सिंहस्थ चालू होता. इकडे गुरूच्या नावाने गोदेत डुबक्या, तिकडे त्याच गुरूच्या पोटात एक यान, कशासाठी, तर न पाहिलेल्या जिवांचं न पाहिलेलं पाणी बाटू नये म्हणून. पाण्यात उतरून माणूस शुद्ध होतो का, यावर वाद घालता येईल. माणूस उतरून पाणी शुद्ध राहत नाही, यावर गोदाकाठी राहणारा कुणी वाद घालणार नाही. आणि गुरूच्या अंगावर चक्क यान कोसळलं म्हणून कुणाच्या पत्रिकेतलं गुरूबळ घटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता दुसरी बाजू. जीव सापडले तर देव हरेल, असं काही नास्तिकांना मनापासून वाटतं. युरोप खंडात या वाटण्याला इतिहास आहे. अनंत विश्वं आणि त्यांत वस्ती असलेली जगं आहेत, असं म्हणणाऱ्या जिओर्दानो ब्रूनोला १६००मध्ये रोममध्ये जिवंत जाळलं. त्याच्यावरचे आरोप आणखीही होते, पण हे त्यांतलं एक. माणूस हाच सृष्टीचा केंद्रबिंदू असं जिथे धर्म सांगतो, तिथे शेजारी निघणं अडचणीचं असतं. आपल्याकडे मात्र देवाची पदवीच ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’. चौदा भुवनं, यक्ष, गंधर्व, नाग असा भरलेला वाडा. उद्या युरोपावर जिवाणू सापडला, तर इथल्या भाविकाची श्रद्धा डळमळणार नाही. ‘आमच्या ग्रंथांत हे आधीच होतं’ असा संदेश दुपारच्या आत फोनवर येईल. पाश्चात्त्य नास्तिकांची ही तोफ नाशकात आणून डागली तर बार फुसका जाईल.

इथली तोफ वेगळी, आणि तिचा एक जुना नमुना आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचा आहे. भगूरला जन्मलेल्या सावरकरांचा ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ हा निबंध. त्यांच्या राजकारणाशी माझं जमत नाही, पण तो निबंध मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो. विश्व माणसाच्या सोयीसाठी रचलेलं नाही आणि त्याचे नियम माणसाच्या नवससायासांना बांधलेले नाहीत, असा त्याचा रोख. पृथ्वीबाहेर जीव असण्याची शक्यता हाच रोख पुढे नेते. देव आहे की नाही, हे ती सांगत नाही; पण कोट्यवधी जगांचा कारभार पाहणारा कुणी असलाच, तर तो शुक्रवारी साबुदाणा खाल्ला की शेंगदाणे, याची वही ठेवत असेल का, एवढं विचारायला लावते.

या विषयात नाव घ्यावं असा मराठी माणूस म्हणजे जयंत नारळीकर. डिसेंबर २०२१मध्ये नाशकात आडगावला झालेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, तरी विज्ञानकथा लिहिणारा वैज्ञानिक त्या खुर्चीसाठी निवडला गेला तो इथे. त्यांना नास्तिक म्हणून आपल्या रांगेत उभं करायची मला घाई नाही. पण पुराव्याचा आग्रह कसा धरावा, हे त्यांनी दोनदा दाखवलं. एकदा फलज्योतिषाबाबत : २०० मुलांच्या पत्रिका, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या; कोणती कुणाची, ते ओळखायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, आणि बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती.

दुसऱ्यांदा त्यांनी तोच आग्रह स्वतःच्या आवडत्या कल्पनेवर चालवला, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. जीवांची बीजं अंतराळातून पृथ्वीवर आली असावीत, हे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं मत. नारळीकरांना ते तपासावंसं वाटलं. ‘इस्रो’च्या मदतीने २००१ आणि २००५मध्ये हैदराबादहून प्रचंड फुगे सोडले आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. २००५च्या नमुन्यांतून जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत तीन जिवाणू नवे निघाले. एकाला हॉइलचं नाव मिळालं, एकाला ‘इस्रो’चं, एकाला आर्यभटाचं. अतिनील किरणांना ते बऱ्यापैकी दाद देत नव्हते. वर्तमानपत्रांना मथळा आयताच मिळाला असता. पण २००९मध्ये निकाल जाहीर करताना ‘इस्रो’नेच स्पष्ट केलं, की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यातून सिद्ध होत नाही. बरं झालं. पुढे आर्यभटाच्या नावाचा जिवाणू जगभर ठिकठिकाणच्या शेतमातीत, पिकांच्या मुळांशी सापडत गेला.

आणि बीजं बाहेरून आली असं धरलं, तरी बाहेर ती कुठून आली? ‘सगळं देवाने केलं’ म्हणणाऱ्याला आपण ‘मग देव कुणी केला’ असं विचारतो. तोच प्रश्न इथेही विचारायला हवा.

सगळेच विचारत नाहीत. देव सोडला पण सिंहासन सोडवत नाही, अशी एक जात असते. देव म्हणजे प्राचीन काळी आलेले परग्रहवासी, हे एरिक फॉन डॅनिकेनचं १९६८पासूनचं पालुपद मराठीतही चवीने वाचलं गेलं. वेरूळचं कैलास मंदिर परग्रहवासीयांनी कोरलं, असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ आजही फिरतात. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात ज्यांनी तो डोंगर माथ्यापासून खाली कोरत नेला, त्या पाथरवटांच्या हाताला यात शून्य किंमत.

या आजारावर औषध मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरावर आहे. नाव पांडवलेणी, आणि पांडवांनी एका रात्रीत कोरली ही कथा आपण सगळे ऐकत आलो. पण दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणं आपण दिलं, सोबत तीन हजार कार्षापण दिले, ते गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले : दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर खर्च भागवायचा. नाव, रक्कम, व्याजाचा दर! यापुढे पांडवही टिकत नाहीत आणि उडत्या तबकड्याही नाहीत. परग्रहावरच्या जीवांचा पुरावा असा हवा. एप्रिल २०२५मध्ये के२-१८बी या ग्रहाच्या हवेत जीवजन्य वाटणाऱ्या वायूची खूण दिसल्याची बातमी आली, तेव्हा इतर खगोलशास्त्रज्ञांनी त्या आकड्यांवर लगेच शंका घेतल्या. व्याजाचा दर अजून कुणाला वाचता आलेला नाही.

तर पंचवटीकर, युरोपाकडे निघालेलं ‘क्लिपर’ यान १४ ऑक्टोबर २०२४ला सुटलं. एप्रिल २०३०मध्ये ते गुरूपाशी पोचेल आणि युरोपाजवळून सुमारे पन्नास वेळा जाईल. तेही जीव शोधणार नाही. तिथे जगता येईल का, एवढंच पाहील. २०२७च्या सिंहस्थात आपल्याकडे यातलं काहीच नसेल.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आधी करता येईल. मुख्य पर्वण्या श्रावण-भाद्रपदात, सूर्यही सिंहेत असताना येतात. म्हणजे ऑगस्ट २०२७मध्ये गुरू सूर्याच्या इतका जवळ असेल, की ज्याच्यासाठी स्नान, तो डोळ्यांना दिसणारच नाही. त्यापेक्षा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अंधार पडल्यावर गंगापूर धरणाकडे या. पूर्वेला सर्वांत तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका तो गुरू. साधी द्विनेत्री पुरेल, हात मात्र कठड्यावर टेकवा, नाहीतर चित्र थरथरतं. शेजारी एका ओळीत तीन-चार बारीक ठिपके दिसतील. दुसऱ्या रात्री पुन्हा पाहा, त्यांनी जागा बदललेल्या असतील. त्यांतला युरोपा कोणता, ते ओळखायला चार रात्री लागतील. थर्मास मी आणतो.

(पुढच्या आठवड्यात : चार्वाकांची पोथी कुणी जाळली?)