निवाऱ्याचे वैद्यक

सार्वजनिक पशुनिवाऱ्याला आपले दार बंद ठेवता येत नाही. रस्त्यावर सापडलेले कुत्रे, घरच्यांना नकोसे झालेले मांजर, गाडीखाली पाय मोडलेले पिल्लू, छळाच्या प्रकरणात पोलिसांनी सोडवून आणलेली जनावरे, जे येईल ते आत घ्यावे लागते. खासगी दवाखान्यात जनावराबरोबर त्याचा मालक येतो, तो दुखण्याची हकीकत सांगतो आणि उपचार झाले की जनावर घरी जाते. निवाऱ्यात हकीकत सांगणारे कोणी नसते आणि जायला घरही नसते. शेजारच्या पिंजऱ्यात तितकेच अनोळखी दुसरे जनावर असते. अशा ठिकाणी एकेकावर उपचार करून भागत नाही, सगळ्या निवाऱ्याची तब्येत सांभाळावी लागते. या गरजेतून अमेरिकेत गेल्या पाव शतकात निवारा-वैद्यक ही पशुवैद्यकाची स्वतंत्र शाखा उभी राहिली. मोठ्या शहरांच्या निवाऱ्यांत या कामाची सूत्रे मुख्य पशुवैद्याच्या हाती असतात.

कोंडवाड्यापासून निवाऱ्यापर्यंत

एकोणिसाव्या शतकात अमेरिकी शहरांतील भटकी कुत्री पकडून कोंडवाड्यात ठेवली जात आणि सोडवायला कोणी आले नाही तर मारली जात. न्यूयॉर्कमध्ये ती लोखंडी पिंजऱ्यात घालून ईस्ट नदीत बुडवीत. १८६६ साली हेन्री बर्ग यांनी तेथे प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी एएसपीसीए ही संस्था स्थापन केली. फिलाडेल्फियात कॅरोलाइन अर्ल व्हाइट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १८६९ मध्ये संघटना उभी केली आणि पुढे बेवारस कुत्र्यांसाठी निवारा चालवला. न्यूयॉर्कच्या भटक्या जनावरांची जबाबदारी १८९४ पासून शंभर वर्षे एएसपीसीएने वाहिली. १९९५ पासून ती शहराशी करार असलेल्या वेगळ्या ना-नफा संस्थेकडे आहे.

या निवाऱ्यांत पशुवैद्य मात्र बराच काळ पाहुण्यासारखा येई. १९७१ मध्ये लॉस एंजेलिस शहराने माफक दरात निर्बीजीकरण करणारा दवाखाना सरकारी खर्चाने उघडला. १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डॉ. लायला मिलर यांच्या पुढाकाराने निवारा-वैद्यकाचा पहिला रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक महाविद्यालयात निवासी प्रशिक्षण सुरू झाले. डॉ. केट हर्ली तेथील पहिल्या प्रशिक्षणार्थी होत्या. निवाऱ्यांतील पशुवैद्यांची संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली. तिने २०१० मध्ये निवाऱ्यातील देखभालीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांची दुसरी आवृत्ती २०२२ च्या अखेरीस आली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, या विषयाला विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला होता.

दारातच लस

निवाऱ्यातील सर्वांत मोलाचा उपचार जनावर दारातून आत येते त्या क्षणी होतो. त्वचेखाली मायक्रोचिप आहे का ते पाहतात, वजन घेतात, जखमा, दात, त्वचा व वर्तन तपासतात, जंत व गोचिडांवर औषध देतात आणि लस टोचतात. कुत्र्याला डिस्टेंपर व पार्व्हो यांविरुद्ध आणि मांजराला पॅनल्यूकोपेनिया व सर्दीच्या विषाणूंविरुद्ध क्षीण केलेल्या जिवंत विषाणूंची लस दिली जाते, कारण तिचे संरक्षण थोड्याच दिवसांत मिळू लागते. घरच्या पिलाला एक दिवस उशिरा लस दिली तर सहसा बिघडत नाही. निवाऱ्यात मात्र ‘उद्या देऊ’ म्हटले तर रात्रीतूनच संसर्ग होऊ शकतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करू शकतात, म्हणून पिलांना चार ते सहा आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, पाच महिन्यांची होईपर्यंत, पुन्हा लस देतात.

मुक्कामाचे दिवस

मुख्य पशुवैद्याचे खरे हत्यार म्हणजे मुक्कामाच्या दिवसांचा हिशोब. रोज येणाऱ्या जनावरांच्या संख्येला सरासरी मुक्कामाच्या दिवसांनी गुणले की निवाऱ्यात एका वेळी किती जनावरे राहणार ते कळते. रोज ३० जनावरे आली आणि प्रत्येक सरासरी १० दिवस राहिले तर ३०० जागा लागतात. मुक्काम ७ दिवसांवर आणला तर २१० पुरतात. येणारी आणि घरी जाणारी जनावरे तितकीच राहतात, फक्त गर्दी ओसरते. गर्दी घटली की आजार घटतो आणि आजारी पडून मुक्काम लांबण्याचे प्रमाणही खाली येते.

म्हणून अनुभवी पशुवैद्य रोज सगळा निवारा फिरून प्रत्येक पिंजऱ्यापाशी विचारतो की हे जनावर आज कशासाठी थांबले आहे. कोणाची शस्त्रक्रिया राहिलेली असते, कोणाचा फोटो काढायचा असतो, कोणाच्या मालकाची वाट पाहण्याची कायदेशीर मुदत संपायची असते. अडलेले काम त्याच दिवशी मार्गी लावले जाते. मनुष्यबळाचाही हिशोब असतो. नुसती साफसफाई व खाणे यांसाठी प्रत्येक जनावरामागे रोज किमान १५ मिनिटे धरण्याचा अमेरिकेत जुना प्रघात आहे. म्हणजे १०० जनावरांना २५ तासांचे काम झाले.

जागा, हवा आणि आवाज

मांजरांची सर्दी हा निवाऱ्यांचा जुना त्रास आहे. तिला कारण असलेला हर्पीस विषाणू मांजराच्या शरीरात दबा धरून राहतो आणि ताण वाढला की पुन्हा डोके वर काढतो. पिंजरा मोठा असेल, खाण्याची जागा व मलमूत्राची जागा वेगळी असेल, लपायला खोके असेल आणि पहिल्या काही दिवसांत मांजराला सारखे हलवले नाही, तर सर्दी कमी होते. दोन कप्प्यांच्या मधे सरकते दार बसवले की मांजराला हात न लावता एकेक कप्पा साफ करता येतो. कुत्र्यांच्या दालनात भुंकण्याचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. फिरायला नेणे, चघळायला खेळणे देणे आणि स्वभावाने जुळणारी दोन कुत्री एकत्र ठेवणे, हीसुद्धा औषधयोजनाच मानली जाते.

साथ आली तर

पार्व्होचा विषाणू महिनोन् महिने टिकतो आणि नेहमीच्या पुष्कळ जंतुनाशकांना दाद देत नाही. ब्लीचने तो मरतो, पण विष्ठेचा अंश शिल्लक असेल तर ब्लीचचा जोर ओसरतो, म्हणून आधी साबणाने धुणे आणि मग जंतुनाशक हा क्रम मोडायचा नसतो. सफाईची फेरी निरोगी पिलांपासून सुरू होते आणि आजारी जनावरांपाशी संपते. साथ पसरली तर आजारी, संपर्कात आलेली आणि संपर्काबाहेरची असे तीन गट पाडतात. रक्तातील प्रतिपिंडे तपासून कोणाला धोका कमी आहे ते ओळखता येते. पूर्वी अशा वेळी सगळे दालन मारून रिकामे केले जाई. आता तो अखेरचा मार्ग समजला जातो. नवे रोगही अनपेक्षितपणे येतात. घोड्यांमधील एक इन्फ्लुएंझा विषाणू २००४ मध्ये फ्लोरिडातील ग्रेहाउंड कुत्र्यांत आढळला आणि पुढे निवाऱ्यांपर्यंत पोहोचला.

शस्त्रक्रियागृह

निवाऱ्यातील बहुसंख्य शस्त्रक्रिया निर्बीजीकरणाच्या असतात. भूल देणारे, तयारी करणारे आणि शुद्धीवर आणणारे पथक सरावलेले असेल तर एक निष्णात शल्यविशारद दिवसाला तीसहून अधिक शस्त्रक्रिया सुरक्षितपणे करू शकतो. छेद लहान ठेवतात. छेदाजवळ हिरव्या शाईची बारीक रेघ गोंदतात, म्हणजे त्या मादीचे पोट पुन्हा कोणी उघडत नाही. रस्त्यावर परत सोडायच्या मांजराच्या कानाचे टोक कापतात, ती खूण लांबूनही दिसते.

कठीण निर्णय

असह्य वेदना, बरा न होणारा आजार किंवा माणसांना गंभीर धोका असेल तेथे दयामरणाचा निर्णय येतो. तो एकट्यावर टाकू नये, निकष आधी लिहून ठेवावेत आणि पेंटोबार्बिटालचे इंजेक्शन हळुवारपणे द्यावे, अशी पद्धत आहे. विषारी वायूच्या कोठड्या आज अमान्य ठरल्या आहेत. जी माणसे सकाळी जनावराला फिरवून आणतात त्यांनाच दुपारी हे काम करावे लागते. त्यांच्या मनावरचे ओझे ओळखणे, कामे आलटून पालटून देणे आणि बोलायला वाव ठेवणे ही मुख्य पशुवैद्याची जबाबदारी असते.

याशिवाय उपचारांचे लेखी नियम, केटामिनसारख्या नियंत्रित औषधांची काटेकोर नोंदवही, नव्या डॉक्टरांचे शिक्षण आणि नगर परिषदेपुढे अंदाजपत्रकाची बाजू मांडणे हेही त्याच्याच टेबलावर येते. २००५ च्या कतरिना वादळात जनावरांना मागे ठेवून जायला अनेक कुटुंबे तयार झाली नाहीत. पुढच्याच वर्षी पाळीव जनावरांनाही आपत्तीच्या आराखड्यात धरणारा केंद्रीय कायदा झाला आणि निवाऱ्यांच्या पशुवैद्यांकडे नवे काम आले.

मुंबई आणि गोवा

महाराष्ट्राला या विषयाची ओळख जुनी आहे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ मध्ये मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय व शेठ मोतीशहा यांनी पांजरपोळ उभारला. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

भारतातील आजची चौकट अमेरिकेहून वेगळी आहे. भटक्या कुत्र्यांविषयीचे २००१ चे नियम आणि त्यांची जागा घेणारे २०२३ चे नियम यांत कुत्रे पकडणे, निर्बीजीकरण, रेबीजची लस आणि मूळ जागी परत सोडणे हा गाभा आहे. म्हणून येथील केंद्रात घर शोधण्यापेक्षा शस्त्रक्रियेनंतरचे थोडे दिवस निर्धोक पार पाडणे हे मुख्य काम ठरते. दारातील तपासणी, गर्दीचा हिशोब, सफाईचा क्रम आणि जखमेची देखरेख ही सूत्रे मात्र येथेही जशीच्या तशी लागू पडतात.

रेबीजचा फैलाव थांबवण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते. गोव्यात २०१३ पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी गावोगावी जाऊन लसीकरण केले, शाळांत मुलांना शिकवले आणि संशयित कुत्र्यांचा माग ठेवला. २०१८ आणि २०१९ मध्ये तेथे रेबीजने माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.